मचानोची डोलकाठी

माझे दाजी मचानो यांना कुणाकडे काही मागता येत नाही. जेवणात मीठ कमी असलं तर ते मीठ मागत नाहीत. छताकडे बघतात आणि म्हणतात, "काही घरांत मीठ असतं म्हणे." मग माझी ताई मिझे उठते आणि मीठ आणते. त्यांच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, आणि एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं.

पेंबा बेटावरच्या आमच्या गावात डोलकाठी उभी करणं हे सहा माणसांचं काम. ज्याची होडी त्याने आदल्या दिवशी गावच्या ओट्यावर यायचं, सगळ्यांसमोर म्हणायचं, "भावांनो, उद्या माणसं लागतील," आणि काम झालं की बोकडाचा पुलाव घालायचा. माझा बाप असंच करायचा, त्याचा बापही. दाजी मात्र ओट्यावर येऊन कॉफी प्यायचे आणि उठता उठता समुद्राकडे बघून म्हणायचे, "उद्या सकाळी किनाऱ्यावर हवा बरी असेल." आम्ही सहा जण काय ते समजून जायचो. पुलाव ताई करायची, त्यामुळे आमची तक्रार नव्हती.

यंदा त्यांच्या 'सुबिरा'चा तळ बदलला. सुबिरा म्हणजे सबुरी. नाव ताईने ठेवलेलं. फळ्यांच्या फटींत मुशी माशाच्या तेलात भिजवलेला कापूस मीच ठोकला, माझा धंदाच तो. होडी किनाऱ्यावर ओंडक्यांवर तयार होती, फक्त डोलकाठी चढवायची राहिली होती. शुक्रवारी नमाजानंतर दाजी ओट्यावर आले, कॉफी संपवली आणि समुद्राकडे बघून म्हणाले, "उद्या हवा बरी असेल."

मला काय दुर्बुद्धी सुचली कुणास ठाऊक. मी म्हटलं, "दाजी, हवेचं राहू द्या. आमच्याकडून काय पाहिजे ते एकदा तोंडाने बोला, मग येतो."

ओट्यावरचे हसले. शामे नावाचा आमचा एक दोस्त आहे, ज्याच्या बैलाला गावात त्याच्यापेक्षा जास्त मान आहे. तो म्हणाला, "नाही जमायचं त्यांना. घशात अडकतं."

"मग एकट्याने उभी करावी," मी म्हटलं. चूक माझीच होती, आधीच सांगून टाकतो.

दाजींनी कप खाली ठेवला. "करीन," ते म्हणाले. "एकटाच करीन. आणि ती उभी करताना माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात तिला लागला, तर मिझेला तलाक."

कॉफीवाल्याने गिऱ्हाइकांना बोलवायला कप वाजवायचं थांबवलं. गावच्या मदरशाचे म्हातारे गुरुजी, मालिम सिलिमा, कोपऱ्यात पेंगत होते, ते खाडकन जागे झाले.

"मचानो, हे काय बोललास?"

"बोललो ते बोललो."

"परत घे."

"घेता येतं का?"

"नाही," मालिम म्हणाले. "पण तरी घे."

दाजी उठले आणि चालू लागले. त्यांच्या चालण्यावरून मला कळलं की आपण काय बोलून बसलो हे त्यांना चार पावलांवरच उमगलं होतं. पण मागे वळायचं म्हणजे आमच्याकडे काहीतरी मागावं लागलं असतं.

त्या दिवसापासून पेंबा बेटावर त्या डोलकाठीइतकं भयंकर लाकूड दुसरं नव्हतं. सुरूचं सरळसोट झाड, माणसाच्या चौपट लांब. दाजींनी ते ओढत, सरकवत, पडत, एकट्याने होडीवर चढवलं, त्यातच शनिवार गेला. बुंधा तळाच्या खाचेत बसला आणि शेंडा होडीच्या मागून बाहेर निघून थेट मशिदीच्या वाटेवर आला. तिथून जाणाऱ्याला वाकावं लागे. वाकताना तोल गेला तर माणूस काय करतो, जवळचं काहीतरी धरतो. म्हणून सगळे हात पाठीमागे बांधून वाकत. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं की आमच्या गावाला अटक झाली आहे.

मी मालिमना विचारलं, "पण ती नुसती आडवी पडली असताना हात लागला तर? उभी करताना म्हणाले होते ना ते?"

"उभी करणं कधी सुरू होतं?" मालिम म्हणाले. "मनात आणल्यापासून. आणि मनात तर शुक्रवारीच आणलंय."

एक कावळा शेंड्यावर येऊन बसला तेव्हा बायकांनी पळत जाऊन मालिमना बोलावून आणलं. मालिमनी वर बघून बराच विचार केला. "कावळ्याला हात नसतात," त्यांनी निकाल दिला. त्यावरून तरुणांना अक्कल सुचली. हात नको तर खांदा लावू. खांदा नको तर ढुंगण लावू, उलटे उभे राहून ढकलू. मालिम म्हणाले, बोलणाऱ्याच्या मनात काय होतं त्यावर आहे, त्यालाच विचारा. मग ओटाभर माणसं किनाऱ्यावर गेली आणि मालिमनी विचारलं, "मचानो, हात म्हणालास तेव्हा मनात फक्त हातच होता ना?"

सुटायची वाट अशी समोर आणून ठेवली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"सगळंच होतं," दाजी म्हणाले. "हात, पाय, खांदा, पाठ. दोर ओढणं धरून. काठीने ढकलणं धरून."

"फुंकर?" शामेने विचारलं.

दाजींनी थोडा विचार केला. "फुंकरसुद्धा."

मला त्यांना तिथेच दोन लगावाव्याशा वाटल्या. पण ते डोलकाठीला टेकून उभे होते, आणि नेम चुकला असता तर बहिणीचं घर मोडलं असतं.

रविवारी त्यांनी खांद्यावर घेऊन बघितलं. शेंड्याकडून खांदा घालून एक एक पाऊल बुंध्याकडे सरकायचं, म्हणजे काठी वर येते, असा त्यांचा हिशेब. तो बरोबर होता, निम्म्या होडीपर्यंत. तिथे काठी अशी जड झाली की पुढे जाता येईना, मागे येता येईना. दाजी तसेच उभे राहिले. आम्ही पाठीमागे हात बांधून भोवती उभे राहिलो. दुपारची बांग झाली तेव्हा मालिम म्हणाले, "नमाजाला चला." आम्ही गेलो, नमाज पढून आलो, तर दाजी तसेच. "उभ्याउभ्या पढलो," ते म्हणाले. अखेर ते इंच इंच गुडघ्यांवर बसले, मग पोटावर झोपले, आणि काठीखालून पालीसारखे बाहेर आले.

सोमवारी शामेचा बैल आणला. बैलाला हात नसतात हे कावळ्यावरूनच ठरलेलं होतं, आणि दाजी म्हणाले की जनावराचा त्यांनी शुक्रवारी विचारच केला नव्हता. प्रश्न एवढाच होता की बैल हाकायचा कुणी. मालिम म्हणाले, हाकणाऱ्याची काठी म्हणजे हाकणाऱ्याचा हात. मग ठरलं की बैलाने आपल्या मर्जीने चालायचं. दाजींनी शेंड्याचा दोर बैलाच्या मानेला बांधला आणि होडीत जाऊन बुंधा धरून बसले. बैल रवंथ करत उभा राहिला. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं, आणि कुणी काही बोलायला तयार नव्हतं, कारण बोलणं म्हणजे हाकणं झालं तर काय घ्या. उन्हं डोक्यावर आली. शेवटी बैलाला तहान लागली असावी. पण त्याने पाणी कुठल्या बाजूला आहे हे आम्हाला विचारलं नाही. तो उलट्या दिशेला विहिरीकडे निघाला, डोलकाठी खाचेतून उपसून निघाली, आणि बैल तिच्यासकट गावातून असा चालत गेला की माणसं भिंतींना चिकटली, बायकांनी पोरं उचलून दारं लावली, आणि कॉफीवाला किटली घेऊन माडावर चढला. तो साठीचा आहे. खाली उतरायला त्याला मदत लागली, ती मात्र त्याने लगेच मागितली.

त्या संध्याकाळी मी ताईकडे गेलो. ती अंगणात चटईवर लवंगा पसरत होती. सगळ्या अंगणाला तोच वास होता. मी म्हटलं, "ताई, माझं चुकलं. मी चिडवायला नको होतं."

"नको होतं," ती म्हणाली. "सरक, तुझी सावली पडतेय लवंगांवर."

मी सरकलो. "पण काहीतरी मार्ग निघेल. मालिम म्हणत होते की..."

"मालिम काय म्हणतात ते मला शेजारीण सांगते. शामे काय म्हणतो तेही सांगते. बैल काय म्हणाला तेसुद्धा कळलं." तिने लवंगा सारख्या केल्या. "लग्न माझं आहे. चार दिवसांत एक माणूस मला विचारायला आलेला नाही."

"काय विचारायला?"

"बघ," ती म्हणाली. "तुलाही काय विचारायचं ते माहीत नाही."

मला तिचा रागही आला आणि लाजही वाटली. मी चार दिवस तिचं घर वाचवत हिंडत होतो आणि ते तिला वाचवायचंय का, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रात्रभर खपून दाजींनी काठी एकट्याने ओढत आणून पुन्हा होडीवर चढवली. मंगळवारी त्यांनी काही केलं नाही, नुसते होडीत बसून वाळूत रेघा मारल्यासारखं बोटाने हवेत काहीतरी आखत होते. त्या संध्याकाळी नवा चंद्र दिसला. बुधवारी सकाळी बघतो तर त्यांनी होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन वासे कैचीसारखे उभे बांधलेले. डोलकाठीच्या शेंड्याचा दोर त्या कैचीवरून पुढे घेऊन समोरच्या माडाला वेढा दिलेला. युक्ती चांगली होती, हे मला कबूल करावं लागेल. ते माडापाशी दोर खेचत, वेढा आवळत, मग धावत होडीवर चढून काठी बाजूला कलत नाही ना ते बघत, मग पुन्हा धावत माडाकडे. असं त्यांनी किती वेळा केलं असेल, आम्ही मोजायचं सोडून दिलं. काठी मात्र वर येत होती. शामे पुटपुटला, "करतोय की म्हातारा." आम्हा सगळ्यांच्या छातीत काहीतरी फुगलं, खोटं कशाला बोलू.

अर्ध्याहून वर आल्यावर ती डावीकडे कलू लागली. दाजींनी दोराला गाठ मारली, धावत वर गेले आणि तिच्याखाली खांदा दिला. तेवढ्यात माडावरचा वेढा घसरू लागला, हळूहळू, सालीचा भुगा पाडत. दाजींना तो दिसत होता. ते काठी सोडून बाजूला होऊ शकत नव्हते, कारण सोडली तर ती त्यांच्यावरच येणार. आणि दोराकडे जाऊ शकत नव्हते.

किनाऱ्यावर आम्ही वीसेक माणसं होतो, प्रत्येकाला दोन हात. मी दोराच्या दिशेने धावलो आणि अर्ध्यात थांबलो. दोर ओढणं धरून, असं ते स्वतःच म्हणाले होते. माझा हात लागला तर ताईचा तलाक, नाही लागला तर दाजींची मान. मी मालिमकडे बघितलं. मालिम म्हणाले, "जीव वाचवणं फर्ज आहे. हात लावलाच पाहिजे. पण तलाक होईल." शामे म्हणाला, "मग कुणी लावायचा?" आणि कुणीही पुढे झालं नाही, कारण दुसऱ्याची बायको घराबाहेर काढायची तर ती आपण का काढायची.

ताई कुठून आली मला दिसलं नाही. ती थेट होडीच्या कडेशी आली आणि लुगड्यासारखा गुंडाळलेला आपला कांगा गुडघ्यांपर्यंत खोचून वर चढली.

"मिझे, हात लावू नकोस," दाजी काठीखालून म्हणाले. त्यांचा चेहरा काळानिळा झाला होता.

"का?"

"तलाक होईल."

"नाही लावला तर विधवा होईन," ताई म्हणाली. "विधवेला चार महिने दहा दिवस घरात बसावं लागतं. तलाकवालीला तीन महिने."

आणि तिने दोन्ही तळवे काठीला लावले. खांदा नाही, पाठ नाही. बोटं पसरून, सगळ्यांना दिसतील असे दोन्ही हात. "मी म्हणेन तेव्हा," ती म्हणाली, आणि म्हणाली तेव्हा दोघांनी मिळून रेटा दिला. काठी वर गेली, क्षणभर थरथरली आणि धाडकन खाचेत बसली. पाचर कुठे होती ते ताईलाच माहीत होतं. तिने ती टाचेने ठोकली, मग दोर ताणून बांधला, आणि तळवे कांग्याला पुसले.

डोलकाठी सरळ होती. आमच्या गावात इतकी सरळ मी पाहिलेली नाही.

मालिम घसा खाकरून पुढे झाले. "तर तलाक झाला. पण एकच झाला," ते भराभरा म्हणाले. "घाबरायचं कारण नाही. मचानो, तीन महिन्यांच्या आत तू 'मी तिला परत घेतलं' एवढं म्हणालास की झालं. आत्ताच म्हण. जेवायच्या आत मिटेल."

"म्हणा दाजी," मी म्हटलं. "म्हणा, म्हणा," सगळे म्हणू लागले. दाजींनी तोंड उघडलं.

"मालिम," ताई म्हणाली, "ते म्हणाले की झालं. मला विचारावं लागत नाही ना?"

"नियमाप्रमाणे नाही, बाई."

"मोडताना विचारलं नाही. जोडतानाही विचारायचं नाही." ती दाजींकडे वळली. "मचानो," ती म्हणाली. इतकी वर्षं ती त्यांना फाकीचे बाबा म्हणत आली होती, आमच्या भाच्याच्या नावावरून. "मचानो, शब्द तुझ्या तोंडात आहे. म्हणायचा असेल तर म्हण, मी घरी येईन आणि स्वयंपाक करीन. नाहीतर विचार."

दाजींचं तोंड उघडंच होतं. त्यांना ते चार शब्द म्हणायला काय लागत होतं? आम्ही सगळे मनातल्या मनात त्यांच्यासाठी ते म्हणत होतो. मग त्यांनी तोंड मिटलं. आणि मला या माणसाबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

त्या तीन महिन्यांत घर ताईचं, असा नियम आहे. दाजी बाहेर आपल्याच ओट्यावर झोपू लागले. पहिले नऊ दिवस ते रोज सकाळी दारासमोर उभे राहायचे, घसा खाकरायचे आणि परत बसायचे. कॉफीवाला आता तिथेच यायला लागला, आम्हीही. दहाव्या दिवशी त्यांच्या तोंडून आवाज फुटला. "मिझे, येऊ का?"

"आज नाही," आतून आवाज आला.

माणूस एकदा मागायला शिकला की त्याला थांबवणं कठीण. दाजी रोज विचारू लागले. मध्ये मध्ये आमच्याकडेही मागायचे, कुणाकडे तंबाखू, कुणाकडे सुई, शामेकडे तर बैल. आम्ही सहा जणांनी मिळून सुबिरा पाण्यात लोटली, दाजींनी ओट्यावर उभं राहून "भावांनो, माणसं लागतील" असं दोनदा सांगितल्यावर. पुलाव त्यांनी स्वतः केला. वाईट होता. आतून रोज तेच उत्तर यायचं, कधी मऊ, कधी कडक. ताई काय ठरवतेय ते मलाही कळत नव्हतं, आणि या खेपेला मी तिला विचारलंही. ती म्हणाली, "मलाही अजून माहीत नाही."

तिसरा महिना एकोणतीस दिवसांचा की तीस, यावर गावात दोन तट पडले. संध्याकाळी चंद्र दिसला तर मुदत त्याच क्षणी संपणार, नाही दिसला तर आणखी एक दिवस. एकोणतिसाव्या सकाळी आम्ही सगळे आलो. दार बंद होतं. दाजी ओट्यावर बसून होते आणि काही बोलत नव्हते. कॉफी थंड झाली, उन्हं पायरीवर आली, तरी गप्प. शेवटी दाराचं एक कवाड आतूनच उघडलं.

"आज विचारलं नाहीस," ताई म्हणाली.

"आज चंद्र दिसू शकतो," दाजी म्हणाले. "आज नाही म्हणालीस तर उद्या विचारायला उद्या नाही." त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. "मला भीती वाटते, मिझे."

आम्ही आपापल्या कपात बघत बसलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते कुणाला दिसू नये म्हणून मी थंड कॉफी प्यायलो.

"मलाही वाटली होती," ताई म्हणाली. "त्या शुक्रवारी, शेजारणीने येऊन सांगितलं तेव्हा." ती उंबऱ्यात आली. "विचार."

दाजी उठले. काय म्हणायचं ते तीन महिने त्यांना पाठ होतं, पण त्या क्षणी सगळं विसरले असावेत, कारण ते म्हणाले, "मिझे, मला परत घेशील?"

"उलटं झालं," मालिम मागून म्हणाले. "घेणारा तो आहे, ती नाही. असं चालत नाही, पुन्हा नीट..."

शामेने त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"चालेल," ताई म्हणाली, आणि दाराचं दुसरं कवाडही उघडलं.